प्रत्येक मुलीनं पाहावा असा

आमच्या कॉलनीत सिनेमाबद्दल मत नसलेला माणूस मला आठवत नाही. घरात रॉकेल संपलेलं असेल, नळाचं पाणी गेलेलं असेल, पण मत शिल्लक असायचं. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून बायका परतल्या की नाशिक रोडच्या त्या बैठ्या घरांतून काळ्या मसाल्याचा वास सुटायचा. ज्यांच्याकडे मटण असेल त्यांच्या कुकरच्या शिट्ट्यांनासुद्धा जरा जास्त जोर असायचा. जेवणं झाली की पुरुषमंडळी बनियनवरच ओट्यांवर येऊन टेकायची आणि काडीनं दात कोरत नुकत्याच बघितलेल्या सिनेमाचा निकाल लावायची. बायका दारात बसून, तांदूळ निवडता निवडता, आपला वेगळा निकाल लावायच्या. दोन्ही निकालांत सिनेमा फारसा नसायचाच. हिरोची चाल कशी, हिरॉईनचं पोट सुटलंय का, थिएटरात ढेकूण होते की नव्हते, मध्यंतरात समोसा गरम मिळाला का, एवढ्यावर 'एक नंबर' किंवा 'भंगार' असा शिक्का मारून माणसं मोकळी व्हायची.

त्यातले दोघे अधिकारी समजले जायचे. एक आमच्या समोरचे साळवे काका. ते शाळेत मराठी शिकवायचे आणि त्यांना प्रत्येक सिनेमात संदेश सापडायचा. मारामारीचा असो, भुताचा असो, काका डोळे मिटून म्हणायचे, "बाकी जाऊ द्या, पण संदेश चांगला दिलाय." भूत विहिरीतून बाहेर येऊन सावकाराचा गळा दाबतं, यात नेमका कसला संदेश, हे त्यांना कुणी विचारलं नाही, कारण मग त्यांनी तो सांगितला असता. दुसऱ्या म्हणजे शेजारच्या पगारे वहिनी. त्यांचं मोजमाप म्हणजे रडू. "पदर पिळायची वेळ आली गं बाई!" असं त्या म्हणाल्या की सिनेमा उत्तम. नुसतेच डोळे पाणावले तर मध्यम. रडू आलंच नाही तर पैसे बुडाले. आमचे दादा, म्हणजे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते आणि थिएटरात त्यांना फार गाढ झोप लागायची. बाहेर येऊन ते चष्मा पुसत म्हणायचे, "झोपमोड झाली नाही, म्हणजे बरा असणार." आणि आई? आई शिलाई मशीनवर कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. तिला कुणी विचारलंच, तर पायाखालचं पॅडल न थांबवता ती म्हणायची, "बरा होता." मशीनची खडखड चालू राहायची. दुसऱ्यांदा तिला कुणी विचारत नसे.

हल्ली लोक मला सांगतात की आता सगळं बदललं, आता प्रेक्षक जाणकार झालाय. असेल. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा पुतण्या थिएटरच्या अंधारात बसूनच कळवतो, "फर्स्ट हाफ स्लो." माझी सून प्रत्येक सिनेमाला "वन टाइम वॉच" म्हणते, जणू बाकीचे सिनेमे ती दहादा बघते. आमचे व्याही "कुटुंबासह पाहण्याजोगा" असं लिहून पुढे हात जोडलेलं चित्र टाकतात. याचा अर्थ मी एवढाच घेते, की तो बघून घरातल्या बाईला काही नवीन सुचणार नाही याची हमी आहे. मी ग्रुपवर काही लिहीत नाही. माझं मत जरा लांबलचक आहे, आणि ते एकाच सिनेमाबद्दल आहे.

मी तेव्हा अकरावीत होते. माझ्या थोरल्या बहिणीचं, शोभाताईचं, लग्न होऊन दीडेक वर्ष झालं होतं. ते जमवलं होतं आत्यानं. आत्या ही दादांची मोठी बहीण. दादा तिला आक्का म्हणायचे, म्हणून आईही आक्काच म्हणायची. ती सिन्नरला राहायची आणि तिथलाच विलास नावाचा मुलगा तिनं ताईसाठी पाहिला. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी, डोक्यावर पक्कं छप्पर. "पोरगं निर्व्यसनी हाय बघ, सुपारी बी खात नाय," असं आत्या तेव्हा सगळ्यांना सांगत फिरली होती. ते खरंही होतं. विलास दारूला शिवत नव्हता. तो शुद्धीत मारायचा.

हे आम्हाला कळलं ते ताई परत आली तेव्हा. मी कॉलेजातून आले तर ती ओट्यावर बसलेली, चप्पल पायात तशीच, मांडीवर रेग्झिनची पिशवी. मी "कधी आलीस?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "मघाशी." आत गेली, पाणी प्यायली, आणि आईला म्हणाली, "तो हात उचलतो." एवढंच. आईनं मशीन थांबवलं. उठून तिनं बाजरीची भाकरी टाकली, तव्यावर बोंबील भाजले, लसूण आणि लाल तिखट घालून त्यांची चटणी वाटली. ताईला ती फार आवडायची. ताई खाली मान घालून जेवली. संध्याकाळी दादा आले. त्यांना आईनं स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. दादा बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बघू."

दादांचं 'बघू' ही आमच्या घरातली फार जुनी वस्तू होती. गळक्या पत्र्यापासून माझ्या फीपर्यंत सगळं तिच्याखाली झाकून ठेवलेलं असायचं. तेव्हा मला त्याचा संताप यायचा. दुसऱ्या दिवसापासून ताई आईच्या मशीनशेजारी बसून ब्लाउजांना हुकं लावू लागली. मशीनचा आवाज चालू असेपर्यंत कुणाला बोलावं लागत नसे, म्हणून दोघीही फार काम करायच्या.

कॉलनीनं पहिले काही दिवस "माहेरपणाला आलीस का गं?" असं विचारलं. मग "अजून आहेस का?" आणि मग सरळ "कधी जाणार?" जयंतीच्या सभेत स्टेजवरून स्त्रीच्या हक्कांवर तासभर बोलणारे साळवे काकाच एकदा दादांना ओट्यावर म्हणाले, "गायकवाड, दोन भांडी म्हटली की आवाज होणारच." दादा म्हणाले, "बघू."

तशात तो सिनेमा आला.

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझ्यामुळे त्याला आणखी एकही प्रेक्षक मिळायला नको. गोष्ट एवढीच, की एक सून मार खाते आणि त्यामुळे सगळे सुधारतात. सासू तिला गोठ्यात झोपवते, नणंद तिच्या ताटात माती कालवते, नवरा पट्ट्यानं फोडून काढतो. ती कुणाला उलट शब्द बोलत नाही, गाणी मात्र म्हणते. शेवटी घराला आग लागते, सासूला वाचवताना हिचे डोळे जातात, आणि मग त्या आंधळीच्या पाया पडून सगळे रडतात. आंधळी हसून म्हणते, हेच माझं घर. या मालासाठी नाशिकमध्ये लोकांनी रांगा लावल्या. खेड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बायका यायच्या. कॉलनीतून पगारे वहिनी पहिल्या गेल्या आणि परत आल्या त्या नाक लाल करून. त्या दिवशी नळावर त्यांनी ताईला हंडा भरून होईपर्यंत अडवून धरलं. "शोभा, तू बघितलास का? बघच. प्रत्येक मुलीनं पाहावा असा आहे. मी तर म्हणते लग्नाआधी दाखवावा."

मग ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. किराणा दुकानदार, रॉकेलवाला, ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई. बाकीच्या सिनेमांवर लोक एकमेकांशी बोलायचे, या सिनेमावर ताईशी बोलायचे. कुणी तिला थेट "सासरी जा" म्हणालं नाही. तेवढी सभ्यता कॉलनीत होती. सगळे फक्त सिनेमाबद्दलचं आपलं मत सांगायचे. साळवे काका तर खास घरी आले, खुर्चीत बसले, डोळे मिटले. "काय संदेश दिलाय! सहन करते तीच जिंकते. हल्लीच्या मुलींना हे कोण सांगणार?" ताई समोरच बसून हुक लावत होती. तिनं दातांनी दोरा तोडला. मी विचारलं, "काका, पण तिचे तर डोळे जातात ना? मग जिंकली काय?" काका माझ्याकडे बघून मायेनं हसले आणि दादांना म्हणाले, "अजून लहान आहे."

आठवड्याभरानं सिन्नरहून आत्या आली. आत्या आली की घर भरून जायचं. अंगानं थोराड, हिरडीला मिशरी, हातात पेरूंची पिशवी, आणि आवाज असा की चार घरं पलीकडे कळावं. माझ्यावर तिचा जीव होता हे मी नाकारत नाही. पण त्या खेपेला ती पेरू द्यायला आली नव्हती. विलासच्या घरचे रोज तिच्या दारात येऊन बसत होते. तिच्या शब्दावर झालेलं लग्न मोडलं तर सिन्नरला तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. हातपाय धुऊन ती बसली आणि दादांना म्हणाली, "नामदेव, परवा विलास येतोय. पोरगी घेऊन जाईल. मी शब्द दिलाय." मग आईकडे वळली. "आन सुमन, उद्या आपण समद्या बाया त्यो सिनेमा बघायला जाऊ. मी चारदा बघितला. शोभीला बघू दे. बाईचा जन्म काय असतो ते तिला उमगंल."

आईनं दादांकडे पाहिलं. दादांनी वर्तमानपत्र उघडलं. ताई म्हणाली, "जाऊ या." का म्हणाली, हे मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, सगळ्या जगाला जे कळलंय ते मलाच कळत नाहीये, असं मला वाटायला लागलं होतं.

दुपारच्या खेळाला आम्ही चौघी गेलो. सिटी बसनं शालिमारला उतरलो, तिथून चालत. थिएटरबाहेर बायकांची ही झुंबड, पोरं कडेवर, पिशव्यांतून डबे. आत गेलो तर गरम हवा, गजऱ्यांचा आणि बाळाच्या शूचा मिसळलेला वास, आणि डोक्यावर कुरकुरणारे पंखे. आत्यानं ताईला आपल्या शेजारी बसवलं, ताईच्या पलीकडे आई, कडेला मी. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या गाण्यापासून बायकांनी नाकं शिंकरायला सुरुवात केली. आत्या पुढे काय होणार ते आधीच सांगत होती, "आता बघ, आता सासू येईल, आता बघ." मला सिनेमा इतका वाईट वाटत होता की मी मध्ये मध्ये छताकडे बघत होते. गोठ्यातल्या म्हशीचं काम त्यातल्या त्यात बरं होतं.

मध्यंतरानंतर पट्ट्याचा प्रसंग आला. नवरा दार लावतो, पट्टा काढतो, आणि मारायला लागतो. त्या काळी सिनेमात माराचे आवाज फार मोठे असत, कानाजवळ फटाका फुटावा तसे. पहिला आवाज झाला आणि आईच्या पलीकडे काहीतरी हललं. मी बघितलं. ताईचा डावा हात आपोआप वर गेला होता. कोपर डोक्यावर, मनगट कानावर, मान खाली, खांदा पुढे. पडद्यावर पट्टा उठला, आवाज झाला, ताई आणखी आत दबली. पुन्हा आवाज, पुन्हा तसंच. ती रडत नव्हती. तिला ती काय करतेय हे कळतही नव्हतं. डोळे उघडे, पडद्यावरच. अंगाला सवय झाली होती, ते स्वतःच स्वतःला वाचवत होतं. पडद्यावरच्या नटीनं एकदाही हात वर केला नव्हता. ती सगळे फटके पाठीवर घेऊन, मान सुंदर वळवून रडत होती. मग नवरा दमून पलंगावर बसला, आणि नटी रांगत रांगत गेली, कोनाड्यातून डबी काढली, आणि त्याच्या हाताला मलम लावू लागली. मारून मारून त्याचा हात दुखायला लागला होता. सगळं थिएटर हुंदके द्यायला लागलं. आत्या ताईच्या दंडाला धरून म्हणाली, "बघ, बघ! ह्याला म्हणत्यात बाई!"

आई पडद्याकडे बघतच नव्हती. ती ताईच्या त्या हाताकडे बघत होती. तिनं तो धरला, सावकाश खाली आणला, आणि उभी राहिली.

"चला," आई म्हणाली.

मागून बायका ओरडल्या, "ओ बाई, खाली बसा!" आत्या म्हणाली, "सुमन, आगं बस, शेवट राहिला. शेवटी समदं ग्वाड होतंय."

"आक्का, तुम्ही बघा शेवट," आई म्हणाली. "आम्हाला नको." आणि ताईचा हात न सोडता ती बायकांच्या गुडघ्यांवरून, डब्यांवरून, झोपलेल्या पोरांवरून वाट काढत बाहेर पडली. मी मागोमाग. आत्या आली नाही. पाचव्यांदाही तिला शेवट सोडवला नाही.

बाहेर कडक ऊन होतं. आई बसस्टॉपकडे गेली नाही. जवळच एक मिसळीचं हॉटेल होतं, तिथे शिरली. पुरुषमाणूस बरोबर नसताना आम्ही हॉटेलात कधी बसलो नव्हतो. आत सगळे पुरुषच होते, आणि ते बघायला लागले. आईनं तीन मिसळी सांगितल्या. लाल तर्री, वर कांदा, बाजूला पापड आणि लिंबाची फोड. ताईला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते थांबेना. तिखटानं आलेलं पाणी आणि दुसरं पाणी यांतला फरक मला तेव्हा कळला. आईनं तिच्यापुढे पाव सरकवला. "सावकाश खा," म्हणाली. "घाई नाही आता कसली." आणखी रस्सा मागवला. आईला इतकी भूक लागलेली मी कधी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विलास आला. बरोबर त्याचा चुलता होता, पांढरी टोपी घातलेला, सगळ्याला "बरोबर हाय" म्हणणारा. मध्यस्थ म्हणून साळवे काकांना बोलावलं होतं, आणि पगारे वहिनी साखर मागायला येऊन दारातच थांबल्या होत्या. विलास दिसायला चांगला होता हे सांगितलं पाहिजे. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, बोलणं मऊ. आत्यानं ताईची रेग्झिनची पिशवी भरून आधीच दाराशी आणून ठेवली होती. ताई आतल्या खोलीत होती, मी तिच्याजवळ, आणि मधला पडदा अर्धा उघडा होता.

असल्या बैठकीत मुद्द्यावर यायला कुणालाच नको असतं. चहा आला, कांद्याचा भाव झाला, सिन्नरची धूळ झाली. मग आत्यानंच विषय काढला. "काल आम्ही सिनेमाला गेलतो. पर सुमननी मधूनच उठवलं पोरींना."

"का हो वहिनी?" साळवे काका म्हणाले. "आवडला नाही?"

आई चहाचे रिकामे कप गोळा करत होती. ती थांबली. मला वाटलं, आता म्हणेल "बरा होता" आणि आत येईल.

"भिकार होता," आई म्हणाली.

काकांनी डोळे उघडले. दादांनी पण मान वर केली. आईनं कप खाली ठेवले आणि विलासकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्ही बघितला का जावईबापू?"

"हो तर, मामी. आम्ही घरचे सगळे गेलो होतो. आईला तर लय आवडला."

"आणि तुम्हाला?"

"मला पण. भारीच आहे."

"काय आवडलं त्यातलं?"

आता एवढं कोण विचारतं? सिनेमा कसा होता, भारी होता, संपलं. पण विलासला बरं वाटलं असणार. त्याला त्याचं मत पहिल्यांदाच कुणीतरी नीट विचारत होतं. तो खुर्चीत पुढे सरकला. "ते मलमाचं आहे ना, ते. ती मलम लावते बघा. ते बघून मी आईला म्हटलं, बायको असावी तर अशी."

"बरोबर हाय," त्याचा चुलता म्हणाला.

दादा आदल्या दिवशी थिएटरात नव्हते. त्यांना त्या सिनेमाची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. इतके दिवस सगळे फक्त संदेशच सांगत होते. त्यांनी चष्मा काढला. "कुणाला लावते मलम? तिलाच लागलंय ना?"

"नाही ओ मामा," विलास हसला. "त्याच्या हाताला. नवऱ्याच्या. मारून मारून दुखतो ना हात."

आणि हे म्हणताना त्यानं डाव्या हातानं आपला उजवा तळहात चोळला. नकळत, अगदी सहज, जसं थंडीत कुणीही चोळतं. त्यानं स्वतःही ते बघितलं नाही. आम्ही सगळ्यांनी बघितलं. पगारे वहिनींनीसुद्धा.

दादांनी चष्मा परत डोळ्यांवर लावला, उठले, आणि दाराशी गेले. ताईची पिशवी उचलून त्यांनी ती आतल्या खोलीत, आमच्याजवळ आणून ठेवली. बाहेर जाऊन म्हणाले, "विलासराव, चहा झाला असेल तर निघा."

"म्हणजे? मामा, मी तिला न्यायला आलोय."

"ती येणार नाही."

"नामदेव, आरं डोकं फिरलं का तुजं!" आत्या ओरडली. "एका शिनेमापायी पोरीचा संसार मोडतूस?"

"मी सिनेमा बघितलेला नाही आक्का," दादा म्हणाले. "जावयाला बघितलं."

साळवे काका काहीतरी म्हणायला गेले. बहुधा सबुरीचा संदेश असावा. आई त्यांना म्हणाली, "भाऊजी, तुमचा चहा गार झाला." विलासचा मऊ आवाज तोवर संपला होता. जाता जाता तो दारातून ताईच्या नावानं जे ओरडला ते मी लिहीत नाही, पण ते ऐकून पगारे वहिनी पदर तोंडाशी धरून मागे सरल्या, आणि साखर न घेताच घरी गेल्या. आत्या विलासबरोबरच जीपनं सिन्नरला परतली. आमच्याशी बोलली नाही.

त्या दुपारी दादा कचेरीत गेले नाहीत. ताईजवळ जमिनीवर येऊन बसले आणि म्हणाले, "सांग." ताई सांगत गेली. त्यांनी एकदाही 'बघू' म्हटलं नाही.

पुढचं सोपं नव्हतं. कोर्टाच्या तारखा, भावकीची बोलणी. कॉलनीनं महिनाभर आमच्यावर आपलं मत दिलं, आणि मग पुढचा सिनेमा लागल्यावर आम्हाला सोडून दिलं. साळवे काकांना त्याही सिनेमात संदेश सापडला. ताईनं अर्धवट सोडलेलं शिक्षण हाती घेतलं. दिवसा हुकं लावायची, संध्याकाळी वाचायची, आणि डी.एड. होऊन नगरपालिकेच्या शाळेत लागली. पहिला पगार झाला तेव्हा तिनं आईच्या मशीनला मोटर बसवून दिली. आईला ती आवडली नाही. फार पळते, म्हणाली, आणि पुन्हा पायांनीच चालवायला लागली. मोटर तशीच लटकत राहिली.

आत्या आमच्याकडे आली नाही. दादा आजारी पडले तेव्हाही आली नाही, माझ्या लग्नालाही नाही. मी तिला मनातून काढून टाकलं होतं. मग एका दिवाळीला मी माहेरी गेले असताना, सकाळी चकल्या तळत असताना, दार वाजलं. आत्या होती. बरीच वाळलेली. हातात पेरू नव्हते. तिच्यामागे तिची धाकटी मुलगी मंदा, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि पदराखालून एक डोळा दिसत होता, सुजून मिटलेला.

आत्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "सुमन," ती म्हणाली. तिचा तो आवाज शेजारच्या घरातसुद्धा पोचला नसेल. "हिला तुझ्याकडं ठिवून घे. माझ्याकडं ठिवली तर तिथली माणसं मला ठिवू द्यायची नायत. मीच लावून दीन परत. माझा मला भरवसा नाय."

मी कढईसमोरून उठले. माझ्या जिभेवर एक प्रश्न अगदी तयार होता. त्या सिनेमाबद्दलचं आत्याचं आताचं मत मला विचारायचं होतं. इतकी वर्षं मी तो प्रश्न जपून ठेवला होता. आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी झारा पुन्हा तेलात घातला.

"आत या आक्का," आई म्हणाली. "दारात नका उभ्या राहू."

ताई तेव्हा शाळेच्या वह्या तपासत बसली होती. ती उठली, दाराशी गेली, आणि मंदाच्या कपाळावरचा पदर दोन्ही हातांनी हळूच मागे सारला. त्या डोळ्याकडे तिनं नीट बघितलं. अरे बापरे म्हणाली नाही, कसं झालं म्हणून विचारलं नाही.

"जेवलीस का गं?" ताईनं विचारलं, आणि तिला आत घेतलं.